भिंतीवरच्या बायका काय सांगतात

दिवसा नगरच्या शाळेत चित्रकला शिकवायची आणि संध्याकाळी घरी तैलचित्रांची कामं करायची, असं माझं आयुष्य गेलं. माझ्याकडे आलेल्या कामांत बायकांची चित्रं जास्त. कुणाची आई, कुणाची आजी, कुणाची सासू. बहुतेक जणी वारलेल्या, आणि मागे एखादाच फोटो उरलेला. तोही कधी रेशनकार्डासाठी काढलेला, कधी लग्नाच्या समूहफोटोतून कापून आणलेला. या बायका कॅनव्हासवर उतरवताना घरच्यांशी जे बोलणं व्हायचं, त्यानं मला इतिहासातली स्त्रीचित्रं वाचायला शिकवलं. निजामशाहीतली राणी असो, चौंडीच्या अहिल्याबाई असोत, की पाथर्डीच्या एखाद्या शेतकऱ्याची आई. प्रश्न तेच राहतात. चित्र काढून कोणी घेतलं? कोणासाठी? तिला कसं दिसायला सांगितलं? आणि चित्राचं पुढे काय झालं?

बाईच्या चित्रात त्या बाईपेक्षा तिच्याभोवतीची माणसं जास्त दिसतात, हे माझ्या कामाचं सार आहे. त्यातून हाती आलेल्या काही गोष्टी इथे मांडते.

१. चेहऱ्याआधी बैठक पाहा

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आपल्या नगरचं एक अनमोल हस्तलिखित आहे, ‘तारीफ-ए-हुसेनशाही’. आफताबी नावाच्या कवीनं हुसेन निजामशहाच्या गौरवासाठी रचलेलं हे फारसी काव्य १५६५च्या सुमाराचं. त्याच वर्षी जानेवारीत राक्षसतागडीची लढाई झाली, विजयनगरचा रामराया मारला गेला. काव्यात त्या विजयाचं वर्णन आहे. पण त्याचबरोबर राणी खुंझा हुमायून हिच्या रूपाचं, लग्नाचं आणि सहवासाचंही भरभरून वर्णन आहे, आणि चित्रकारानं तिला राजाच्या शेजारी, त्याच्या आसनावर बसवलं आहे.

सोळाव्या शतकातल्या सुलतानी दरबाराच्या चित्रांत राणी अशी उघडपणे सिंहासनावर दिसणं ही साधी गोष्ट नव्हती. जनानखान्याच्या पडद्याआड राहायचं, ही राजघराण्यातल्या बायकांची रीत. म्हणून ही बैठकच आपल्याला बातमी देते: या दरबारात राणीला वजन होतं, आणि ते दाखवावंसं कोणाला तरी वाटलं होतं.

तपशील पाहिला तर आणखी काही उलगडतं. ग्रंथ फारसी, पण चित्रातल्या बायकांच्या अंगात चोळी, पाठीवर लांब वेणी. एका चित्रात तर स्त्रीच्या स्पर्शानं झाडाला बहर येतो, ही आपल्याकडच्या काव्यांत आणि मंदिरांच्या शिल्पांत जुनी असलेली दोहदाची कल्पना आहे. निजामशाहीच्या संस्थापकाचं घराणं मूळचं पाथरीच्या ब्राह्मणाचं, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. तेव्हाचं नगर किती प्रवाहांचं मिळून बनलं होतं, हे त्या एका झाडाखालच्या बाईत दिसतं.

माझ्याकडे जोडप्याचं चित्र करायला येणाऱ्या घरांतही मी आधी बैठकीचं विचारते. पूर्वी उत्तर ठरलेलं असे: आबा खुर्चीत, आई मागे उभी. अलीकडे मुली आणि नाती येतात आणि सांगतात, “मॅडम, दोघांना शेजारी बसवा.” समाज बदलल्याची खूण मला भाषणांपेक्षा या एका वाक्यात जास्त पटते.

२. पुसलेली जागाही वाचा

त्याच हस्तलिखिताची पुढची कथा जास्त बोलकी आहे. हुसेन निजामशहा १५६५ मध्येच वारला. मुलगा मुर्तजा गादीवर आला आणि काही वर्षं कारभार खुंझा हुमायूननं पाहिला. तिचं आणि तिच्या भावांचं वाढतं बळ अमीरांना खुपलं. १५६९च्या सुमारास खुद्द मुलानं तिला कैद केलं. आणि हस्तलिखितातल्या चित्रांत राजाशेजारची तिची आकृती बहुतेक ठिकाणी पुसलेली, रंगाखाली झाकलेली आढळते. सत्ता गेल्यानंतर कोणीतरी तिला चित्रांतूनही उठवलं, असाच अर्थ अभ्यासक लावतात.

राजा जागेवर आहे, सेवक आहेत, महिरप आहे, आणि शेजारी एक मळकट डाग. तो डाग मला त्या ग्रंथातलं सगळ्यात खरं स्त्रीचित्र वाटतो. बाईला मान मिळाला होता हे तिच्या बैठकीवरून कळतं; तो मान किती कच्च्या धाग्यावर होता हे डागावरून.

हा प्रकार फक्त राजवाड्यात घडत नाही. समूहफोटोवरून चित्र करताना मला कित्येक घरांतून सांगितलं गेलं, “ही मागची बाई घेऊ नका.” ही मागची बाई बहुधा विधवा आत्या असते, पहिली बायको असते, नाहीतर माहेरी परत आलेली बहीण. मी हात थांबवून एवढंच विचारते, “यांचं नाव काय?” नाव सांगताना माणसं अडखळतात, मग तिच्याबद्दल बोलू लागतात, आणि पुष्कळदा ती चित्रात राहते. चित्रकारानं पुसणाऱ्यांच्या बाजूनं पटकन उभं राहू नये, हा नियम मी पाळत आले.

३. रंग कोणी उजळला, ते विचारा

आपल्या जिल्ह्याला आता ज्यांचं नाव आहे त्या अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. जन्म ३१ मे १७२५, मृत्यू १३ ऑगस्ट १७९५. १७६७ पासून अखेरपर्यंत त्यांनी माळव्याचा कारभार पाहिला. त्यांची तसबीर नगर जिल्ह्यात कुठे नाही? ग्रामपंचायतीत, शाळेत, सोसायटीच्या कार्यालयात, घरात. गोरा, नितळ, गोल चेहरा.

जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्यानं अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर दोन-अडीच दशकांनी, त्यांना पाहिलेली माणसं हयात असताना माहिती गोळा केली आणि १८२३ मध्ये मध्य हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात मांडली. त्यात अहिल्याबाईंची बांधणी मध्यम उंचीची आणि अगदी कृश, आणि वर्ण सावळा असल्याचं तो नोंदवतो. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई यांची एक गोष्टही तो देतो. रूपवान आनंदीबाईंनी अहिल्याबाईंची कीर्ती ऐकून, त्या दिसतात कशा हे पाहायला एक बाई पाठवली. तिनं परत येऊन सांगितलं की नाकीडोळी सुंदर नाहीत, पण चेहऱ्यावर दैवी तेज आहे. त्यावर आनंदीबाईंनी एवढंच म्हणून समाधान मानलं, की म्हणजे सुंदर नाही ना!

या गोष्टीतलं पाठवलेल्या बाईचं उत्तर मला मोलाचं वाटतं. तिनं रूप आणि तेज वेगवेगळं पाहिलं. आपल्या तसबिरींना ते जमलं नाही. तेज दाखवायचं तर त्वचा गोरी करावी लागते, असं मागच्या शतकातल्या छापील चित्रांनी आपल्या डोळ्यांना शिकवलं आणि एका कर्तबगार सावळ्या मराठी बाईला आपण उजळून टाकलं. हा बदल अहिल्याबाईंविषयी काहीच सांगत नाही, आपल्याविषयी सगळं सांगतो.

माझ्या ओसरीवर हेच रोज घडतं. “आईला जरा उजळ करा,” हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलं. वडिलांसाठी असं कोणी सांगत नाही. वडील काळे असले तर ते रुबाबदार असतात. मी फोटो उन्हात धरून घरच्यांना दाखवते की सावळ्या कातडीत तांबूस, पिवळा, जांभळा असे किती रंग असतात आणि त्यावर प्रकाश किती सुंदर थांबतो. उन्हात चाळीस वर्षं कांदा खुरपलेल्या बाईचा रंग ही तिची कमाई आहे. ती तिच्याकडून काढून घेऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगते.

४. हातात काय दिलंय ते बघा

चित्रातल्या बाईच्या हातातली वस्तू चित्रकार फार विचार करून ठेवतो. खुंझा हुमायूनची मुलगी चांदबिबी. विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली, तिथेही पुढे तिनं कारभार सांभाळला. १५९५च्या अखेरीस शहजादा मुरादच्या मोगल फौजेनं नगरच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा तिनं किल्ला लढवला. सुरुंगानं तटाला खिंडार पडलं, तेव्हा ती स्वतः तिथे उभी राहिली आणि रातोरात खिंडार बुजवून घेतलं, अशी तिची ख्याती. १६०० मध्ये मोगलांचा पुन्हा वेढा पडला असताना तिच्याच लोकांनी तिला मारलं.

तिची जी दख्खनी चित्रं जगातल्या संग्रहालयांत आहेत, त्यांतली बरीच तिच्या मृत्यूनंतर शंभर आणि त्याहून जास्त वर्षांनी काढलेली. त्यांत खिंडार नाही, तलवार नाही. ती घोड्यावर बसून बहिरी ससाणा घेऊन शिकारीला निघाली आहे. घोडा आणि ससाणा ही त्या काळी राजपुरुषाच्या चित्राची चिन्हं. राज्य करणारी बाई दाखवायला चित्रकाराजवळ बाईची म्हणून वेगळी खूणच नव्हती, म्हणून त्यानं राजाच्या खुणा तिला दिल्या. लोकांनीही तसंच केलं. शहराच्या पूर्वेला डोंगरावर उभी असलेली तीनमजली अष्टकोनी इमारत खरं तर सलाबतखान या वजिराची कबर. पण नगरकर तिला चांदबिबीचा महाल म्हणतात, आणि म्हणत राहतील.

अहिल्याबाईंच्या हातात शिवपिंड असते. त्याला आधार आहे. त्यांच्या आज्ञापत्रांवर ‘श्री शंकर आज्ञेवरून’ असं असे. पण त्याच हातांनी रोज दरबारात लोकांच्या फिर्यादी ऐकल्या, महसुलाचे हिशेब तपासले, महेश्वरला विणकर बसवले, काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, मंदिरं, धर्मशाळांसाठी पैसा पाठवला. पिंडीची तसबीर घराघरात पोहोचली. हिशेबाची वही हाती घेतलेल्या अहिल्याबाई मात्र फारशा कोणी रंगवल्या नाहीत. भक्त बाई समाजाला लवकर पेलते, कारभारी बाई उशिरा.

तैलचित्रासाठी घरच्यांना मी विचारते, “हात कसे दाखवू?” बहुतेकांना हा प्रश्नच नवा असतो. बायकांचे हात मांडीवर एकावर एक ठेवलेले, हे गृहीत धरलेलं. ज्या हातांनी जन्मभर दूध काढलं, भाकरी थापल्या, ते हात फक्त चित्रात रिकामे! पारनेरकडची एक मुलगी मात्र म्हणाली, “आईच्या हातात खुरपं द्या. त्याशिवाय ती आई वाटणार नाही.” त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ते कमीपणाचं वाटलं होतं. मुलगी हटली नाही. ते चित्र माझ्या चांगल्या कामांपैकी एक आहे.

५. दागिन्यांत ऐपत वाचा आणि इच्छाही

राजा रविवर्म्यानं बडोद्याच्या गायकवाडांसाठी काढलेली राजघराण्यातल्या स्त्रियांची चित्रं पाहा. मोती आणि हिरे इतके बारकाईनं रंगवले आहेत की खजिन्याची यादी करता यावी. तिथे बाई ही घराण्याच्या वैभवाची जागा आहे, आणि चित्रकाराला पैसे त्यासाठीच दिलेले आहेत. दरबारी व्यक्तिचित्रातले दागिने पाहून तिच्या आवडीचा अंदाज बांधू नये.

गरिबाघरच्या चित्रातले दागिने वेगळं बोलतात. एकदा जामखेडकडचा एक माणूस आईचा फोटो घेऊन आला. गळ्यात काळी पोत, बाकी काही नाही. तो म्हणाला, “मॅडम, नथ घाला. ठुशी घाला. पाटल्या घाला. तिला जन्मात काही करता आलं नाही मला, चित्रात तरी होऊ द्या.” खोटं रंगवू नये, असं मला शिकवलेलं. पण त्या माणसापुढे ते तत्त्व लहान वाटलं. मी नथ रंगवली. आणि चित्राच्या पाठीमागे लिहिलं की दागिने मुलाच्या इच्छेनं घातले आहेत. उद्या त्याच्या नातवंडांनी ते वाचलं तर त्यांना आजीची गरिबी कळेल, आणि बापाची मायाही. चित्रातलं खोटंही खरं सांगून जातं, ते खोटं कोणासाठी होतं याची नोंद मात्र हवी.

६. तिचं नाव आहे की नुसती जात?

रविवर्म्याचं १८८९ मधलं एक चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या अकरा बायका गाण्या-बजावण्यासाठी एकत्र बसल्या आहेत, प्रत्येकीचा वेश वेगळा. देश एक आहे ही भावना तेव्हा सुशिक्षितांत रुजत होती आणि ती दाखवायला बायकांची वस्त्रं हाती आली. १८९४ मध्ये रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातून साडी नेसलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या. पूर्वी ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत जाऊ दिलं जात नव्हतं, त्यांच्याही भिंतीवर देवी आली. छापील चित्राचं हे मोठेपण मान्य केलंच पाहिजे. पण आदर्श बाई कशी दिसते, काय नेसते, किती गोरी असते, याचा साचाही त्याच वाटेनं घरात आला.

कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर हे जे. जे. स्कूलचे थोर चित्रकार. ऑटो रॉथफेल्ड या इंग्रज अधिकाऱ्याचं भारतातल्या स्त्रियांवरचं पुस्तक १९२० मध्ये निघालं, त्यातली चित्रं धुरंधरांची. रेषा इतकी जिवंत की बाई आत्ता चालू लागेल असं वाटतं. साडीचा काचा, डोक्यावरची पाटी, पावलांची ठेवण, सगळं पाहून काढलेलं. पण चित्राखाली बाईचं नाव नाही. ती अमुक जातीची, तमुक प्रांताची, तमक्या धंद्याची. साहेबाला हा देश जातींच्या याद्यांत समजून घ्यायचा होता, आणि बायकांची चित्रंही त्या यादीत बसवली गेली. राणीचं व्यक्तिचित्र होतं, कोळिणीचा नमुना होतो. नावासकट चित्र कोणाचं आणि नावाशिवाय कोणाचं, एवढं पाहिलं तरी त्या काळाची उतरंड समोर येते.

७. समोर कोण बसली होती?

चित्रकारासमोर तासन्‌तास बसायला कोणीतरी लागतं. एकोणिसाव्या शतकात घरंदाज समजल्या जाणाऱ्या बायकांना परक्या पुरुषासमोर असं बसणं अशक्य होतं. म्हणून अनेकदा कलावंतिणी किंवा कष्टकरी बायका बसल्या. त्यांच्या चेहऱ्यामोहऱ्यावरून रंगलेल्या देवींना लोकांनी हात जोडले, आणि बसणारीला त्याच समाजानं उंबरठ्याबाहेर ठेवलं. त्यांतल्या बहुतेकींची नावंही राहिली नाहीत.

पुढच्या दोन पिढ्यांत चित्र पालटलं. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचं हातात समई घेतलेल्या मुलीचं जलरंगचित्र म्हैसूरला आहे. बोटांच्या फटींतून झिरपणारा तो प्रकाश पाहायला आजही लोक दुरून जातात, आणि कित्येक जण ते रविवर्म्याचं समजतात. समोर उभी राहिली होती हळदणकरांची स्वतःची मुलगी गीता. १९४०च्या दशकातल्या मध्यमवर्गीय मराठी घरात वडिलांनी मुलीला उभं करावं आणि तिचं नाव चित्राबरोबर सांगितलं जावं, हे शक्य झालं होतं. शाळेत जाणाऱ्या, बाहेर पडणाऱ्या मुलींची पिढी मधल्या काळात उभी राहिली, त्याचा हा परिणाम.

नगरला या बदलात मानाची जागा आहे. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या बाईंनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या, आणि त्यांच्याकडे सावित्रीबाई फुले अध्यापनाचे धडे घ्यायला आल्या होत्या. सावित्रीबाईंची पुस्तक हाती घेतलेली तसबीर आज शाळाशाळांत आहे. फरारबाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. त्यांचा चेहरा मात्र आपल्यापैकी किती जणांना आठवतो?

८. मुलांच्या स्मरणचित्रातली आई तपासा

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी मी मुलांकडून भरपूर स्मरणचित्रं करून घेतली. विषय पाणवठा असो, बाजार असो, सण असो, चित्रातली बाई ठरलेली: हिरवी नऊवारी, अंबाडा, डोक्यावर घागर. ती काढणाऱ्या मुलाची आई प्रत्यक्षात गाऊन किंवा पंजाबी ड्रेस घालते, टँकरपाशी प्लास्टिकच्या ड्रमात पाणी भरते, आणि एमआयडीसीत पाळी करून येते. तिला मुलांनी पाहिलेलं असतं, पण ती चित्राचा विषय आहे असं त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

पाठ्यपुस्तकं आणि कॅलेंडरं यांनी बाईचं एक जुनं चित्र मुलांच्या बोटांत बसवून ठेवलं आहे. मी वर्गात एक रीत पाडली. कागद देण्याआधी सांगायचं, “आज सकाळी आई काय करत होती, तेवढंच काढा.” मग कागदावर येतात स्कूटी, बचतगटाचं पासबुक, पापडाचं यंत्र, शेवगाव-पाथर्डीच्या मुलांच्या चित्रांत उसाची मोळी. शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा. पन्नास वर्षांनी आपल्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्याला हीच चित्रं हवी असतील.

९. ब्रश बाईच्या हाती आला की नजर बदलते

सोळाव्या शतकाच्या शेवटी दख्खनेत रागमाला चित्रं झाली. रागमालेतल्या धनाश्री रागिणीत एक स्त्री पाटीवर दूर गेलेल्या प्रियकराचं चित्र काढत असते. म्हणजे चित्र काढणारी बाई कल्पनेत होती. पण स्वतःच्या नावानं काम करणारी चित्रकर्ती आपल्याकडे रूढ व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. धुरंधरांची कन्या अंबिका आणि गोव्याच्या अंतोनियो त्रिंदाद यांची कन्या अँजेला, या दोघींनी मुंबईत शिकून चित्रकलेत आयुष्य घातलं. बॉम्बे आर्ट सोसायटीनं १९३७ मध्ये अमृता शेरगिलच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिलं. त्या तिघी कोणाकडे पाहून हसत नाहीत, कोणासाठी सजलेल्या नाहीत. पुढ्यात वाढून ठेवलेल्या आयुष्याचा विचार करत त्या बसल्या आहेत. बाईच्या मनात काय चाललं आहे, हा चित्राचा विषय झाला.

आणि ज्यांच्यापर्यंत ब्रश, कॅनव्हास, कॅमेरा काहीच पोहोचलं नाही, त्यांची आठवण ठेवा. पठ्ठे बापूरावांच्या तमाशात गाजलेली पवळा आपल्या संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची. तिला पाहायला लोक गर्दी करत. पण तमासगीर बाईचं तैलचित्र सन्मानानं दिवाणखान्यात लावायची तेव्हाच्या प्रतिष्ठित घरांची रीत नव्हती. दसरा झाला की ऊसतोडीला निघणाऱ्या हजारो बायकांचंही आज तेच आहे. कोणत्या काळात कोणाची चित्रं झाली नाहीत याची यादी केली, तर त्या काळाचा निम्मा इतिहास हाती येतो.

हे सगळं वाचून आपल्या हातून होण्यासारखं एक काम आहे, ते सांगते. घरात आजीचा, आत्याचा, मावशीचा जो फोटो किंवा चित्र असेल ते खाली उतरवा आणि पाठीमागे पेन्सिलीनं लिहा: तिचं पूर्ण नाव, माहेरचं नाव, गाव, साल, आणि ती काय काम करत असे. समूहफोटोतल्या प्रत्येक बाईचं नाव लिहा, मागच्या रांगेतलीचंही. जी हयात आहे तिला विचारा की तुझं चित्र कसं असावं, कुठे बसावं, हातात काय असावं, काय नेसावं, आणि ती सांगेल तसंच काढून घ्या. कर्त्या पुरुषांची पाटी लावायला आपण कधी विसरलो नाही. आता घरातल्या बायकांच्या चित्रांमागे नावं लिहायला लागू या, आणि त्यांचा रंग आहे तसा राहू देऊ या.